नियंत्रण गटातल्या बायांविषयी: नीती समित्यांच्या सदस्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालये, रुग्णालये आणि संशोधन संस्था यांच्या नीती समित्यांचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या पुढच्या बैठकीत मंजुरीसाठी येणाऱ्या संशोधन प्रस्तावांपैकी एखादा तरी खेड्यातल्या किंवा वस्तीतल्या बायांवरचा असेल. मी मराठवाड्यात अशा प्रकल्पांचे क्षेत्रकाम पाहते. घरोघर जाणाऱ्या मुलींना तयार करणे, त्यांनी भरून आणलेले फॉर्म तपासणे, संमतीपत्रावरचा अंगठा समजून उमटला आहे की नुसताच, हे पुन्हा त्या घरी जाऊन विचारणे, हे माझे काम. तुम्ही मंजूर केलेला कागद शेवटी ज्या उंबऱ्यावर पोहोचतो, तिथले मला रोज दिसते.

तुमच्याकडे येण्याआधी प्रस्ताव शास्त्रीय समितीतून येतो. तिथे नमुन्याचा आकार, यादृच्छिक वाटणी आणि संख्याशास्त्र पाहिले जाते. तुम्ही संमतीपत्र, गोपनीयता, नुकसानभरपाई पाहता. या दोन टेबलांच्या मधे एक प्रश्न दरवेळी पडून राहतो. हा अभ्यास ज्या गावात उतरणार, तिथे आधीपासून काय काय चालू आहे आणि अभ्यासामुळे त्यातले काय हलेल? शास्त्रीय समितीला हा प्रश्न समाजशास्त्राचा वाटतो, तुम्हाला तो संशोधन पद्धतीचा वाटतो. माझ्या मते तो तुमचा आहे. तो विचारला गेला नाही की विज्ञान आणि माणुसकी दोन्ही एकाच जागी चुकतात.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. २००० ते २००३ या काळात इथल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीच्या एका मोठ्या अभ्यासात घेतल्या गेल्या. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधील लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ समूह पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले. पहिल्या गटाची एचपीव्ही तपासणी, म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू शोधणे, दुसऱ्याची पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, तिसऱ्याची व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पांढरा डाग शोधणे. चौथा गट नियंत्रणाचा, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला. त्यात ३१,४८८ बाया होत्या आणि त्यांना नेहमीची सेवा मिळणार होती. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीच्या बाबतीत त्या काळच्या उस्मानाबादेत नेहमीची सेवा म्हणजे काहीच नाही.

२००९ साली निकाल छापून आला. एचपीव्ही गटात ३४ बाया या कॅन्सरने गेल्या, नियंत्रण गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते. त्यामागच्या पुराव्यात धाराशिवच्या बायांचा मोठा वाटा आहे, आणि हे त्यांच्या गावात फारसे कुणाला माहीत नाही.

आता त्याच निकालातली दुसरी बाजू. व्हीआयए गटात ५६ मृत्यू झाले. नियंत्रण गटाच्या तुलनेत संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. मात्र तीच पद्धत तमिळनाडूच्या दिंडीगुलमध्ये वापरली तेव्हा मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले. तो निकाल २००७ चा. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत हीच तपासणी केली. तिथे बारा वर्षांनंतर मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी दिसले. आम्ल तेच, कापसाचा बोळा तोच, शोधायचा डागही तोच. निकाल मात्र एका ठिकाणी फायदा नाही म्हणावे असा आणि दुसऱ्या दोन ठिकाणी एक तृतीयांश जीव वाचावेत असा.

फरक कशाने पडला? दिंडीगुलमध्ये परिचारिका त्याच भेटीत डाग गोठवून उपचारही करून टाकत. बाई घरी जाऊन परत येण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी तिथल्या तिथे मिटत होता. मुंबईत त्याच वस्तीत पुन्हा पुन्हा जाणे झाले, ओळखी झाल्या, पहिल्या वेळी निसटलेले दुसऱ्या वेळी सापडले. तपासणाऱ्या हाताचे प्रशिक्षण, त्या कामावरची देखरेख, पुढच्या उपचाराची सोय, हे सगळे जागोजागी वेगळे होते. नेमके किती श्रेय कशाला द्यायचे यावर जाणकारांचे एकमत नाही, आणि व्हायचेही नाही. कारण यातली कोणतीही गोष्ट एकटी काम करत नाही. प्रशिक्षण उत्तम पण रुग्णालय चाळीस किलोमीटरवर असेल तर उपयोग नाही. रुग्णालय जवळ पण घरून परवानगी नसेल तरी नाही. ‘व्हीआयए उपयोगी आहे का?’ या प्रश्नाला तिन्ही अभ्यासांची सरासरी काढून उत्तर देणारा माणूस दिंडीगुललाही फसवतो आणि धाराशिवलाही. व्हीआयए कुणाच्या हातून, कुठे, पुढची कोणती सोय असताना उपयोगी पडते, हा खरा प्रश्न. गुंतागुंतीचा विचार ज्याला म्हणतात तो मला एवढाच कळतो: भोवतालची परिस्थिती ही मोजमापातली घाण समजून पुसून टाकायची नाही, कारण परिणाम तिच्यातूनच घडतो.

मग नियंत्रण गट. तिन्ही अभ्यासांतल्या तपासणी न झालेल्या बायांची बेरीज १,३८,६२४ होते. एरिक सुबा या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने या अभ्यासांवर सातत्याने आक्षेप घेतले आणि या गटांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने किमान २५४ मृत्यू झाल्याचे मोजून मांडले. अभ्यास करणाऱ्यांचे उत्तर असे की भारतात देशभर पॅप स्मिअर राबवणे शक्य नव्हते, साध्या पद्धतीने मृत्यू कमी होतात की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हते, आणि तुलना केल्याशिवाय ते कळलेही नसते. मुंबईत नियंत्रण गटाला सुरुवातीला कॅन्सरविषयी आरोग्यशिक्षण दिले गेले होते.

दोन्ही बाजू मी नीट वाचल्या आहेत. उस्मानाबादच्या पॅप गटातही ५४ मृत्यू झाले, त्यामुळे नियंत्रण गटातल्या ६४ जणींना पॅप दिली असती तर त्या वाचल्या असत्या असे मी म्हणणार नाही. ते त्या आकड्यांतून निघत नाही. पण ज्या अभ्यासाने शेजारच्या गावात पॅप तपासणी प्रत्यक्ष करून दाखवली, त्याच अभ्यासाने या गावासाठी ‘नेहमीची सेवा’ म्हणजे शून्य हे धरून चालावे, हे मला पटत नाही. नेहमीची सेवा ही निसर्गाची देणगी नसते. कुणी तरी अंदाजपत्रकात पैसे ठेवले नाहीत म्हणून ती शून्य असते. त्या शून्याला संशोधनाची आधाररेषा करताना समितीने निदान थांबून विचारायला हवे होते की दुसरा रस्ता आहे का.

दुसरा रस्ता तेव्हाही माहीत होता. आफ्रिकेतल्या गांबिया या छोट्या देशाने १९८६ मध्ये हिपॅटायटिस बी लशीचा अभ्यास सुरू केला तेव्हा सगळ्या देशाला एका दमात लस देता येणार नव्हती. म्हणून चार वर्षांत टप्प्याटप्प्याने एकेका भागात ती नेली, आणि कोणत्या भागाची पाळी कधी हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले. ज्यांची पाळी उशिरा, ते तोपर्यंतचा तुलनागट. शेवटी सेवेतून कुणीही कायमचे वगळले गेले नाही. प्रत्येक प्रश्नाला हा आराखडा बसतो असे नाही, कॅन्सरसारख्या सावकाश वाढणाऱ्या आजारात तर अडचणी खूप येतात. पण ‘बसत नाही’ हे कुणी तरी लिहून, कारणासह सांगायला हवे. माझ्या पाहण्यातल्या प्रस्तावांत ते कारण सहसा नसते आणि समितीही मागत नाही.

संमतीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथे मी स्वतः उभी असते.

दुपारी चारच्या सुमाराची वेळ. बाई शेतातून आलेली, अजून हातपायही धुतलेले नाहीत. ओसरीवर सासू बसलेली. आमची मुलगी चार पानी माहितीपत्रक वाचू लागते. ‘आपला सहभाग पूर्णपणे ऐच्छिक असून आपण कोणत्याही क्षणी कारण न देता सहभाग मागे घेऊ शकता.’ हे वाक्य तुमच्याच समितीने घालायला लावलेले असते आणि ते योग्यच आहे. बाई ऐकते, मान हलवते. सासू विचारते, ‘‘पैसे भरायचेत का?’’ नाही म्हटल्यावर तिचा प्रश्न संपतो. मग बाई हळूच विचारते, ‘‘ताई, तपासणीत काही निघालं तर पुढचं कोण बघणार?’’

चार पानांत याचे उत्तर एका ओळीत असते: ‘आवश्यकता भासल्यास आपणास योग्य त्या रुग्णालयात संदर्भित केले जाईल.’ आमची मुलगी ते वाचून दाखवते. बाईच्या डोक्यात तोवर हिशेब सुरू झालेला असतो. तालुक्याला जायचे म्हणजे एसटीचे भाडे, एक दिवसाची मजुरी बुडणार, लेकराला कुणाकडे ठेवायचे, आणि ‘तिथली’ तपासणी आहे हे नवऱ्याला कोणत्या शब्दांत सांगायचे. तिच्या प्रश्नात अभ्यासाच्या आराखड्यातला सगळ्यांत कच्चा दुवा बरोबर सापडलेला असतो. ती पुढे आली नाही की आमच्या फॉर्मवर ‘पाठपुरावा होऊ शकला नाही’ अशी खूण होते, आणि ती खूण विश्लेषणात एक टक्केवारी होऊन जाते. कितीशे जणींनी पुढच्या तपासणीला न येण्याची कारणे आमच्या मुलींना तोंडी सांगितली असतील. ती लिहायला फॉर्ममध्ये रकानाच नसतो.

आमच्याकडच्या हंगामाचेही तसेच. दसरा-दिवाळी झाली की बीड, धाराशिवकडची कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा पडतो आणि दंड कापला जातो. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. ज्या अभ्यासाची तपासणी सप्टेंबरात आणि उपचाराची भेट डिसेंबरात, त्याने या बायांना आधीच बाहेर काढलेले असते. कुणी मुद्दाम काढत नाही. प्रस्ताव लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसते आणि मंजूर करणारे विचारत नाहीत, एवढेच.

आणि याच जगण्यात ‘कॅन्सर’ हा शब्द कसा शिरतो तेही पाहा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या अनेकींच्या सांगण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. अंगावरून पांढरे जात होते, पोटात दुखत होते, डॉक्टरांनी सांगितले की पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल. तिशीतली बाई, दोन-तीन मुले झालेली, उचल फेडायची बाकी, खाड्याची धास्ती. अशा बाईला तो सल्ला सुटकेसारखा वाटला तर तिला दोष कसा द्यायचा?

कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास या भागात न्यायचा तर तो या भीतीच्या मधोमध उतरणार आहे. शिबिरात एखाद्या बाईला ‘डाग दिसतो, पुढची तपासणी करून घ्या’ असे सांगितले, तिला बार्शी किंवा लातूर गाठणे जमले नाही आणि ती कोपऱ्यावरच्या खासगी दवाखान्यात गेली, तर तिथे काय होईल याचा अंदाज इथल्या कुठल्याही आशाताईला आहे. आपल्या अभ्यासामुळे किती पिशव्या निघाल्या, हे मोजण्याची तरतूद असलेला प्रस्ताव माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही. गंभीर प्रतिकूल घटनांच्या यादीत ते बसत नाही, कारण ती घटना अभ्यासाच्या रुग्णालयात घडत नाही. म्हणून ती घडतच नाही असे धरायचे का?

एचपीव्ही लशीचे प्रकरण तुम्हाला ठाऊक आहेच. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्याला १० ते १४ वयाच्या मुलींना लस देण्याचा प्रकल्प झाला. आश्रमशाळांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. सात मुलींच्या मृत्यूंनंतर प्रकल्प थांबवावा लागला, चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध जोडता आला नाही, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने संमतीच्या प्रकारावर कठोर ताशेरे ओढले. लस चांगली होती. पुण्यात बनलेल्या देशी लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. मधल्या काळात मोठ्या झालेल्या मुलींचा हिशेब कुणाच्या नावावर टाकायचा? संमतीची घाई केली की पुढची अनेक वर्षे विश्वास मिळवण्यात जातात, आणि त्याची किंमत पुन्हा त्याच घरांतल्या मुली मोजतात.

एवढ्या सगळ्या पुराव्यानंतर, ज्यात आपल्या जिल्ह्यातल्या लाखाहून जास्त बायांचा सहभाग होता, परिस्थिती काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या जेमतेम १.९ टक्के निघाल्या. म्हणजे देश अजून नियंत्रण गटातच आहे. तपासणी कोणती करावी हे आपण सिद्ध केले. तपासणी पोहोचते कशी, कुठे अडते, हे शिकणे संशोधनाच्या बाहेरचे काम मानले, म्हणून ते कुणीच केले नाही.

केले तर होते, हेही महाराष्ट्रानेच दाखवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. तिथेही तुलनेची गावे होती, मोजमाप काटेकोर होते. पण आरोग्यदूत त्याच गल्लीतली होती, तिच्यामागे सततचे प्रशिक्षण आणि देखरेख होती. पुढे २०११ पासून हेच काम देशभर आशांकडे आले, ठरलेल्या सगळ्या गृहभेटी पूर्ण केल्या की २५० रुपये. भेटींचा तक्ता सगळीकडे पोहोचला. देखरेख आणि शिकवणे बऱ्याच ठिकाणी पोहोचले नाही. मी ज्या आशांसोबत काम करते त्यांच्या पिशवीतला वजनकाटा बंद पडला तर तो दुरुस्त होऊन यायला महिने लागतात. आणि मग ‘योजनेचा परिणाम दिसत नाही’ असा अहवाल येतो.

माझे मागणे मोठे नाही. एमडीच्या प्रत्येक छोट्या प्रबंधाला हे सगळे लावा असेही म्हणत नाही. पण गावे, वस्त्या, शाळा यांच्यावर अभ्यास असेल तेव्हा संशोधकाकडून त्या भागाचे वर्षाचे वेळापत्रक मागा: पेरणी, तोड, स्थलांतर, परीक्षा, पाण्याची टंचाई. त्यावर अभ्यासाच्या भेटी मांडून दाखवायला सांगा. नियंत्रण गटाला काय, केव्हा आणि कुणाच्या पैशाने मिळणार हे लिहून घ्या. ‘अभ्यासानंतर विचार करण्यात येईल’ हे उत्तर स्वीकारू नका. तपासणी मोफत असेल तर पुढच्या उपचाराचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाचे भाडे अंदाजपत्रकात दिसले पाहिजे. ज्या परत आल्या नाहीत त्यांच्यापैकी काहींच्या घरी जाऊन कारणे विचारण्याची तरतूद असावी, आणि ती कारणे निकालाचा भाग म्हणून छापली जावीत. खासगी दवाखान्यात पुढे काय झाले, पिशवी काढली गेली का, घरात भांडण झाले का, कर्ज काढावे लागले का, हेही नुकसानीच्या नोंदीत यावे.

तुमच्या समितीत कायद्याने एक सामान्य नागरिक असतो. बहुतेक ठिकाणी तो गप्प असतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. शंभर पानांचा इंग्रजी प्रस्ताव त्याच्या हातात आदल्या दिवशी पडतो. प्रत्येक सामूहिक अभ्यासाचा दोन-तीन पानांचा मराठी सारांश बैठकीच्या आठवडाभर आधी त्याला मिळायला हवा, आणि चर्चेची सुरुवात त्याच्यापासून करायला हवी. शक्य असेल तिथे त्या तालुक्यातली एखादी आशा किंवा बचत गटातली बाई बैठकीला बोलवा. ओसरीवर जो प्रश्न आम्हाला विचारला जातो, तो ती तुमच्यापुढे पहिल्या पाच मिनिटांत विचारेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत समाजाच्या सहभागाचा आणि अभ्यासानंतरच्या लाभाचा स्पष्ट उल्लेख आहे, वैद्यकीय संशोधनाच्या नीतीविषयीच्या हेलसिंकी या जागतिक जाहीरनाम्याच्या २०२४ च्या सुधारणेतही सहभागी लोकांशी अर्थपूर्ण संवादावर भर आहे. तेव्हा यासाठी नवा नियम यायची वाट पाहण्याचे कारण नाही.

निकाल गावात परत न्यायची अटही मंजुरीपत्रात घाला. ज्या बायांच्या तपासणीवर जगाची मार्गदर्शक तत्त्वे बदलली, त्यांना ग्रामसभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत कुणी तरी उभे राहून सांगावे की तुमच्यामुळे काय कळले आणि तुमच्यासाठी आता काय सोय आहे.

मंजुरी दिल्यानंतर अभ्यास प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचा अधिकार तुम्हाला आहे. तो वापरा. संस्थेने सजवून ठेवलेल्या दिवशी नको, साध्या तपासणी शिबिराच्या दिवशी या, आणि नियंत्रण गटातल्या एखाद्या गावासाठीही तेवढाच वेळ राखून ठेवा. आम्ही गाडी आणि सोबत दोन्हीची व्यवस्था करू. दिवाळीच्या आधी या, नंतर तोडीला गेलेल्या बाया भेटणार नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मराठवाड्यातील एक आरोग्य संशोधन कार्यकर्ती